इन्स्ट्रक्टरची रेटिंगं वाढवली की एअरलाईनचं दार उघडतं का?

कातळसडा
सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) होऊन घरी बसलेल्या मुलामुलींना सध्या सगळीकडून एकच सल्ला मिळतोय: "नोकरी लागेपर्यंत इन्स्ट्रक्टर हो. एकावर थांबू नकोस, दोन-तीन रेटिंगं घे, मग एअरलाईनवाले मागे लागतील." माझं मत वेगळं आहे. पहिलं रेटिंग (लायसन्सवर चढणारी जादा परवानगी) कामाचं, तेही तास मिळतात म्हणून. पुढचे कागद भरतीत कोणी उलटूनही बघत नाही.

हा सल्ला आला अमेरिकेतून. 2009 च्या कोलगन एअरच्या अपघातानंतर तिथला कायदा बदलला आणि 2013 पासून को-पायलटलासुद्धा एटीपी (एअरलाईन पायलटचं लायसन्स) लागतं, म्हणजे 1,500 तास. विमानशास्त्राची पदवी असेल तर 1,000, सैन्यातून आलेल्याला 750. कमर्शियल लायसन्स मिळतं 250 तासांच्या आसपास. मधले तास आणायचे कुठून? तर शिकवून. म्हणून तिथे आधी सीएफआय (साधं इन्स्ट्रक्टर रेटिंग), मग सीएफआयआय (नुसत्या उपकरणांवर उडवणं शिकवायचं), मग एमईआय (दोन इंजिनांच्या विमानावर शिकवायचं). विमानाचं बिल भरतो विद्यार्थी आणि पीआयसीचे (विमानाची जबाबदारी असलेल्या वैमानिकाचे) तास चढतात इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकात.

आपल्याकडे डीजीसीए (नागरी उड्डाण महासंचालनालय) 200 तासांवर सीपीएल देतं. त्यात 100 तास पीआयसी, 300 नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळावर जाणारं लांबचं उड्डाण), 5 तास रात्रीचं उड्डाण. त्यावर आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी) आणि ए320 किंवा 737 चं टाइप रेटिंग (त्या एका जातीच्या विमानाची परवानगी) झालं की उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसता येतं. 1,500 तासांची अट येते ती एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होताना. तिकडची शिडी इकडच्या भिंतीला लावून उपयोग काय?

खाडीपल्याड
नियमातले 200 तास आणि भरतीतले 200 तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कातळसडा. जागा थोड्या आणि 200 तासवाले ढिगाने असले की निवडणारा काहीतरी चाळणी लावणारच. शिवाय आयआरची मुदत 12 महिने. देवगडला घरी बसून कलमांची राखण करणाऱ्या सीपीएलवाल्याचा आयआर संपतो, क्लास वन मेडिकल दरवर्षी करावं लागतं आणि हात गंजतो तो वेगळाच. असिस्टंट इन्स्ट्रक्टर, म्हणजे एएफआयआर झालेला माणूस रोज विमानात असतो.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. विद्यार्थी डावीकडे बसतो: डावा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर), उजवा थ्रॉटलवर. इन्स्ट्रक्टर उजवीकडे, त्याचे हात उलटे. ए320 च्या को-पायलटचंही तेच, उजव्या हातात साइडस्टिक, डावा हात थ्रस्ट लिव्हरवर. उजव्या सीटवर दोन-तीनशे तास काढलेल्याला सिम्युलेटरच्या पहिल्या दिवशी हातांची अदलाबदल शिकवावी लागत नाही.

तांबडीमाती
दोघांचाय अर्धा बरोबर, पण तास कसले ह्या कोणीच विचारूक नाय.

नवख्या विद्यार्थ्यांचं बरंचसं उड्डाण सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत जातं. सेसना 172 वर तासाला सात-आठ लँडिंग, तीच धावपट्टी, तोच डाउनविंड. हे तास पीआयसी म्हणून लॉगबुकात चढतात, पण क्रॉस-कंट्रीच्या रकान्यात शून्य आणि रात्रीच्या रकान्यातही बहुतेक शून्य. एटीपीएलला हे रकाने वेगळे मोजले जातात. अमेरिकेतसुद्धा 1,500 मध्ये 500 क्रॉस-कंट्री, 100 रात्रीचे, 75 इन्स्ट्रुमेंटचे आणि 50 मल्टी-इंजिनचे लागतात.

सीएफआयआयबद्दल तर मोठा गैरसमज आहे. विद्यार्थी हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावलेली झापड) घालून उडवतोय म्हणून इन्स्ट्रक्टरला इन्स्ट्रुमेंटचे तास मिळत नाहीत. प्रत्यक्ष ढगात असाल तेवढाच वेळ लॉग करता येतो. ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात ते रेटिंग वर्षभर वापरलं तरी तो रकाना जेमतेम हलतो. एमईआयचं तसं नाही. दोन इंजिनांचे तास स्वतःच्या खिशातून घेणं महाग, शिकवताना ते आपोआप मिळतात. तिसरा कागद घ्यायचाच असेल तर तो कुठल्या रिकाम्या रकान्यासाठी, एवढं आधी बघा.

बंदरावरून
आपल्याकडे घरटी एक माणूस बोटीवर, त्याला हे लगेच कळेल. सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक) काढून एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) बेसिक कोर्स झाले की पुढे कोर्सांची फाइल कितीही जाड करा, कंपनी विचारते सी-टाइम, म्हणजे बोटीवर काढलेला काळ किती. टँकरचा कोर्स टँकर असलेल्या कंपनीतच चालतो. विमानाचं निराळं असायचं काय कारण?

खाडीपल्याड
निराळं आहे. बोटीवरच्या कोर्सात कोणी तुम्हाला दुसऱ्याला शिकवायला लावत नाही. इन्स्ट्रक्टरला पॅटर पाठ लागतं: हात काय करतोय, विमान काय करतंय आणि का, हे एकाच वेळी तोंडाने सांगायचं. स्टॉल (पंखांची उचल तुटणं) शिकवताना "नाक खाली, पॉवर पूर्ण, मग पंख सरळ" हा क्रम का, ते विसाव्या विद्यार्थ्याला समजावलेला माणूस तांत्रिक मुलाखतीत गडबडत नाही. पाठांतर करून गेलेला दुसऱ्या उपप्रश्नाला अडकतो.

कातळसडा
मान्य. पण तुमचाच मुद्दा पुढे नेतो. मुलाखत सुधारते ती पहिल्या शंभर-दोनशे तासांच्या शिकवण्याने, दुसऱ्या-तिसऱ्या प्रमाणपत्राने नव्हे.

आणि इन्स्ट्रक्टरचे दुर्गुण? सिम्युलेटरमध्ये तेच नडतात. 65 नॉटने अप्रोच करायची सवय, जेट येतं 135 च्या आसपास. दुप्पट वेगाला स्कॅनही (उपकरणांवरून नजर फिरवणं) दुप्पट लागतो. लहान विमानात थ्रॉटल ओढला की वेग लगेच पडतो, जेट स्वच्छ आकारात (चाकं-फ्लॅप आत) खाली येताना वेग सोडतच नाही. उशिरा पॉवर कमी करणारा ग्लाइडस्लोपच्या (उतरायच्या ठरलेल्या तिरप्या वाटेच्या) वर राहतो, मग नाक दाबतो, मग वेग वाढतो. दुसरी खोड म्हणजे शेजारचा चुकला की लगेच "आय हॅव कंट्रोल". एकट्याच्या जबाबदारीवर शिकवताना ते बरोबर. दोघांच्या कॉकपिटमध्ये आधी तोंडाने कॉलआउट करायचा असतो, थेट हात घालणारा मल्टी-क्रूच्या कसोटीत मार्क घालवतो. हजार तास शिकवलेल्याची ही सवय सुटायला जास्त वेळ लागतो.

सुरुबन
पैशाचं कोणीच बोलत नाही. 40 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी असेल तर नुसतं व्याज महिन्याला 36 हजारांच्या वर जातं. अशा घरी खरा प्रश्न एएफआयआर आधी की टाइप रेटिंग आधी, हा असतो.

घाईने टाइप रेटिंग करणाऱ्यांचं काय होतं ते बघा. नोकरीशिवाय ए320 च्या तीन टेकऑफ-लँडिंगची 90 दिवसांची अट पाळणार कशी? दर सहा महिन्यांची सिम्युलेटर तपासणी स्वखर्चाने. वर्ष गेलं की लाखो रुपयांचं रेटिंग कागदावर उरतं, हातात राहत नाही. एएफआयआर तसा पडून सडत नाही, तो रोज वापरात असतो आणि थोडाफार पगारही आणतो. म्हणून भरतीची जाहिरात टाइप-रेटेडच मागत असेल तरच टाइप रेटिंग आधी, नाहीतर एएफआयआर. पुढे एफआयआर (पूर्ण इन्स्ट्रक्टर रेटिंग) करायचं ते शिकवण्यातच राहायचं असेल तर.

तांबडीमाती
सुरुबन, पटला. एक भर घालतो. लॉगबुक. इन्स्ट्रक्टरचे तास तपासताना त्याच उड्डाणाच्या विद्यार्थ्याची नोंद आणि विमानाचं टेक लॉग (विमानाची स्वतःची नोंदवही) समोर येऊ शकतं. विद्यार्थ्याकडे 1:05 ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण) आणि तुमच्याकडे 1:30 पीआयसी असेल, तर शंका एका ओळीपुरती राहत नाही, सगळ्या वहीवर येते. 2011 मध्ये बनावट कागदपत्रांवरची लायसन्सं उघडकीला आली, तेव्हापासून तासांकडे संशयानेच पाहिलं जातं. महिन्याच्या शेवटी आठवून लिहू नका, विमानातून उतरल्यावर लगेच लिहा.

कलमाची फांदी
फ्लोरिडाला जाऊन तिन्ही रेटिंगं करायची आणि तिथेच तास भरून परतायचं, हा बेत कसा वाटतो? माझ्या भाचीसाठी विचारतेय.

तांबडीमाती
ताई, व्हिसा कुठला ते आधी बघा. एम-1 वर (व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसावर) चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना काम करता येतं, जास्तीत जास्त सहा महिने. महिन्याला 80 तास मिळाले, आणि ते चांगले मिळाले असं समजायचं, तरी 480 होतात. तेवढ्यावर तिथली एअरलाईन घेत नाही, आणि इथली तीन प्रमाणपत्रांकडे न बघता तिच्या हातात डीजीसीएचं सीपीएल आहे का ते विचारते. त्यासाठी इथले पेपर द्यावेच लागतात. जाण्याआधीच दिले तर परत आल्यावर वर्ष वाया जात नाही.

सुरुबन
आणि इथेच एएफआयआर करायचं ठरलं, तर बारामती असो की धुळे, नाव दसऱ्यानंतर घाला. व्हीएफआरला (बाहेर बघून उडवायच्या नियमांना) 5 किलोमीटर दृश्यता लागते आणि सेसना 172 ने चाचणीत पेलून दाखवलेला क्रॉसविंड (आडवा वारा) 15 नॉटचा. मिरगाच्या तोंडावर गेलात तर चार महिने हॉस्टेलचं भाडं चालू आणि विमान हँगरात.