सेल्फ नुसता टक करतोय

ए-२०३: कोणी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सांगा ना, आमची डिझेल गाडी आठवडाभर पावसात उभी होती, आज चावी मारली तर नुसता टक आवाज, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतच नाही. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण नवीन टाका

सी-१०४: बॅटरी बघितलीस का आधी

ए-२०३: हो काका १२.६ व्होल्ट आहे, टर्मिनलवरची पांढरी पावडर पण गरम पाण्याने काढली

सी-१०४: चावी मारताना लाइट मंद होतात का?

ए-२०३: नाही, तसेच राहतात

सी-१०४: मग करंट मोटरपर्यंत जातच नाहीये. बहुतेक सोलेनॉइडमधले (मोटरला करंट जोडणारा स्विच) तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत नाहीतर कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. हे बदलता येतं रे, नवीन कशाला, पुण्यात नाना पेठेत सामान मिळेल. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा तारेचा भाग, जळलं असेल तरच नवीनचा विचार कर

बी-३०१: आमचा मागच्या वर्षी असाच खोलला होता, मेकॅनिकने आत सगळीकडे भरभरून ग्रीस लावलं आणि दोन महिन्यांत परत बंद 😔

सी-१०४: तेच तर चुकतं!! कार्बन आणि कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) एकदम कोरडे पाहिजेत, तेल लागलं की कार्बनची पूड चिकटून खाचा भरतात आणि शॉर्ट होतं. पिनियन, म्हणजे इंजिन फिरवणारं छोटं दातेरी चाक, ज्या आट्यांवरून पुढे सरकतो तिथे पातळ तेलाचा नुसता हात फिरवायचा, जाड ग्रीस लावलं तर गाडीच्या क्लचची धूळ धरतं आणि थंडीत पिनियन अडकतो. ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) नवीन असतील तर बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांग, ते तेल पिऊन घेतात आणि तेच पुढे पुरतं. आणि सेल्फमधला वन-वे क्लच (मोटरचा जोर पिनियनला देणारा) पेट्रोलमध्ये अजिबात धुवू देऊ नकोस, आतलं ग्रीस निघून जातं, मग मोटर नुसतीच गरगर फिरते, इंजिन जागचं हलत नाही. हे सगळं समोर उभं राहून करून घे

डी-५०२: काका आमचा डायनॅमो (बॅटरी चार्ज करतो तो) कुईकुई करतोय, थोडं तेल सोडू का

सी-१०४: नको ताई, आधी पट्टा बघा सैल आहे का. बेअरिंग सीलबंद असतं, बाहेरून तेल आत जात नाही, पट्ट्यावर मात्र पडतं. खराब असेल तर बदलायचंच. गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ व्होल्ट आलं तर चार्जिंग ठीक आहे

ए-२०३: काका रविवारी सकाळी सेल्फ उतरवताना याल का पार्किंगमध्ये? 🙏

सी-१०४: येतो १० ला. मी यायच्या आत बॅटरीची मायनस काढून ठेव, सेल्फची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते