चर्चा : दौलताबादला राजधानी नेणे हा खरोखर वेडेपणा होता का?

मूळ लेखन

मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तिथे राजधानी हलवली, हा प्रसंग आपण शाळेपासून लहरीपणाचा नमुना म्हणून ऐकत आलो आहोत. माझ्या मते तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. गुजरात, तेलंगण, द्वारसमुद्र (कर्नाटकातील हळेबीड) आणि थेट माबरपर्यंत (तमिळ किनारपट्टीपर्यंत) पसरलेला मुलूख दिल्लीतून सांभाळणे अवघड होते, आणि देवगिरी या सर्वांना मध्यवर्ती होते, असे कारण सुलतानाचा टीकाकार असलेला त्या काळचा इतिहासकार बरनी हाच देतो. शिवाय तासलेल्या कड्याचा, खंदकाचा आणि अंधारीतून (काळोख्या भुयारातून) वर जाणाऱ्या एकमेव वाटेचा तो किल्ला पाहिलेल्या कोणालाही ही निवड अजागळ वाटणार नाही.

दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, हे बरनीचे वर्णन तर उघड अतिशयोक्तीचे आहे. दिल्लीजवळच्या सारवल गावी एका व्यापारी कुटुंबाने विहीर खोदल्याचा विक्रम संवत 1384 चा, म्हणजे 1328 चा, संस्कृत शिलालेख उपलब्ध आहे. ओस पडलेल्या मुलखात विहिरी कोण खोदतो?

प्रतिसाद १

निवड शहाणपणाची होती, एवढे मान्य केले तरी माणसांना सक्तीने हलवण्याचे समर्थन त्यातून होत नाही. इसामी या कवीचे नव्वदीचे आजोबा या स्थलांतरात दिल्लीहून निघाले आणि पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, वारले. सुमारे अकराशे किलोमीटरची वाट, तीही सुफी, उलेमा आणि अमीर-उमरावांच्या कुटुंबकबिल्यासह! विहिरीचा शिलालेख एवढेच सांगतो की शेतकरी-व्यापारी मागे राहिले. ज्यांना उचलले त्यांच्या हालांबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

इसामीचे दुःख खरे आहे, पण ज्या काव्यात ते येते ते त्याने 1350 च्या सुमारास बहमनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिले, आणि ती सत्ता तुघलकाविरुद्ध बंड करूनच उभी राहिली होती, हे विसरून कसे चालेल? आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत नेले आणि अखेर त्याचा फक्त पायच पोहोचला, ही कथा सांगणारा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तर 1334 मध्ये दिल्लीत आला. म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. हाच बतूता दिल्ली-दौलताबाद रस्ता दुतर्फा झाडांचा होता, असेही लिहितो.

प्रतिसाद ३

आपण दोघेही दिल्लीकरांचेच बोलत आहात. देवगिरीच्या रयतेचे काय झाले, हे कोणी विचारतच नाही (आपल्याकडे तरी हा प्रश्न आधी यायला हवा). इथले हिंदू व्यापारी रत्नांचा व्यवहार करणारे आणि गडगंज होते, असे बतूता नोंदवतो, आणि लगेच सांगतो की त्यांच्यापैकी एकाने या प्रांताचा महसूल 17 कोटींना मक्त्याने (ठरलेल्या रकमेच्या ठेक्याने) घेतला व भरणा न झाल्यामुळे सुलतानाने त्याची कातडी सोलली. आकडा फुगवलेला असेल. तरी वसुलीची पद्धत त्यातून दिसतेच. मक्तेदाराच्या मानेवर सुलतान, आणि मक्तेदार रयतेच्या मानेवर. राजधानी आल्याने मुलूख भरभराटीला आला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोबही मांडावा.

प्रतिसाद ४ (धागाकर्ता)

तो हिशोब मांडू, पण जमेची बाजूही लिहू. त्या स्थलांतरात आलेले सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादजवळच्या खुलताबादेत चिरविश्रांती घेत आहेत, कवी अमीर हसन सिजझीही तिथेच. दख्खनच्या पुढच्या दोन-तीनशे वर्षांच्या दरबारी आणि सुफी परंपरेची सुरुवात या जबरदस्तीच्या प्रवासाशी जोडलेली आहे.

प्रतिसाद १ चे लेखक

मग सुलतानाचा हेतू दख्खन ताब्यात ठेवण्याचा होता की गमावण्याचा? काही वर्षांत लोकांना परतायची मुभा द्यावी लागली, आणि 1347 मध्ये बंडखोर अमिरांनी हसन बहमनीला राज्याभिषेक केला तो दौलताबादेतच.