जखमी गडी आणि पळणारी फौज: हाऊस रूल (घरचे नियम) कसे बसवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमचा सोलापूरचा ग्रुप रविवारी दुपारी अशोक चौकात एकाच्या घरी जमतो. खेळतो डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत पात्रं रंगवायचा गोष्टीचा खेळ; पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी. जग मात्र आपल्याकडचं घेतलंय: आदिलशाही अमदानी, नळदुर्गाच्या आसपासचा मुलुख, मावळे, पट्टेकरी आणि मंत्र जाणणारा एक बैरागी.

अडचण अशी की जखमेला काही किंमतच उरलेली नाही. ४० एचपीचा (एचपी म्हणजे जीवाचे गुण) पट्टेकरी १ एचपीवर आला तरी पहिल्याच जोमाने पट्टा फिरवतो. शून्यावर गेला की आडवा होतो, बैरागी ६० फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र टाकतो, की गडी पुन्हा उभा. परवा नळदुर्गाच्या दरवाज्यात तो एकाच लढाईत तीनदा पडला नि तीनदा उठला. तिसऱ्या वेळी बाकीचे शेंगाचटणीची बशी पुढे सरकवत होते, डेथ सेव्हचा (मरतो की वाचतो ते ठरवणारा) फासा कोणी बघितलासुद्धा नाही. मला हे फार लागलं.

शत्रूचंही तेच. आठ पहारेकऱ्यांतले सहा पडले, हवालदार मेला, तरी उरलेले दोघे अंगावर येतात. खरी माणसं अशी लढत नाहीत.

जखमांसाठी असं ठरवलंय: एचपी निम्म्यावर आले की 'घायाळ', वेग १० फुटांनी कमी. हल्ल्याच्या फाशातून काही वजा करायचं नाही, कारण मग ज्याला पहिला घाव बसला तो हरतच जातो. आणि शून्यावरून उठलं की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. पण तीनदा उठला तर तिसरी पायरी, म्हणजे हल्ले आणि सेव्ह (संकटातून बचावण्याचे फासे) दोन्हींना डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमीचा धरायचा), आणि एका लाँग रेस्टने (लांब विश्रांतीने) एकच पायरी उतरते. हे जास्त कडक होतंय का?

हिमतीसाठी याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक सेटमधला नियम मला आवडतो. प्रत्येकाचा २ ते १२ मधला एक आकडा, सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज आकड्याच्या वर गेली की पळ. तपासणी बाजूचा पहिला माणूस मेला की एकदा आणि निम्मे पडले की एकदा. आकडा ७ असेल तर पळण्याची शक्यता साधारण ४२ टक्के, ९ असेल तर १७. नवशिका शिपाई आणि कसलेला शिलेदार यांतला फरक त्यात चांगला दिसतो.

आता खरा प्रश्न. १६७० सालच्या सिंहगडाच्या लढाईत तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले आणि सूर्याजीने दोर कापले, असं आपण ऐकत आलोय. हे नियमात कसं आणायचं? पळणाऱ्यांना परत उभं करायला काय फेकायचं? वाट बंद झाली तर लोक जास्त लढतील की शस्त्र टाकतील? खेळाडूंच्या पात्रांना मी फासा टाकायला लावणार नाही. "माझा माणूस घाबरला की नाही ते मी ठरवणार" हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्यांच्या सोबतच्या मावळ्यांना तर लागेल ना?

प्रतिसाद:

ताई, सोबतच्या मावळ्यांना नक्की लावा, तिथेच रंगत आहे. एक्झॉशनची पायरी लगेच न देता लढाई संपल्यावर द्या. किंवा २०२४ च्या नियमांतलं एक्झॉशन उचला: दर पायरीला डी२० च्या (वीस बाजूंच्या) फाशातून २ वजा आणि वेग ५ फुटांनी कमी. पडायची भीती राहते आणि माणूस एकदम निकामी होत नाही.

दोर कापण्याचं मी असं करतो. सावरणाऱ्याने अख्खी ॲक्शन खर्चून सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं, त्या फेरीत हल्ला नाही, आणि करिश्म्याची (छाप पाडण्याच्या गुणाची) चेक, फाशावर १५ किंवा वर हवेत. जमली तर हिमतीचा फासा पुन्हा. वाट बंद असेल आणि म्होरक्या उभा असेल तर आकड्यात २ वाढवा. वाट बंद आणि म्होरक्याही नाही, तर फासा फसल्यावर पळ नाही, शरणागती.

धागाकर्ती:

मनापासून आभार. म्होरक्या दिसण्याची अट फार आवडली. पानिपतावर भाऊ हत्तीवर दिसेनासा झाल्यावर जे झालं ते यात नेमकं बसतं. एकच शंका: म्होरक्या शून्यावर पडलाय पण मेलेला नाही, आणि बैरागी त्याला पुढच्या फेरीत उठवणार आहे. तपासणी पडताक्षणी घ्यायची की त्याची पाळी येईपर्यंत थांबायचं?