आउट ऑफ द बॉक्स गटात टेपचे सीटबेल्ट चालतात का?

प्रश्न: १:७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं) स्पिटफायर विमानाचं मॉडेल जवळजवळ तयार आहे, स्पर्धेत 'आउट ऑफ द बॉक्स' गटात, म्हणजे फक्त किटच्या डब्यातले भाग वापरलेल्या मॉडेलांच्या गटात, द्यायचंय. किटमधली सीट अगदीच बोडकी, म्हणून मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापून बेल्ट लावले. एरियलची तारही डब्यात नव्हती, ती स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडून येतात ती प्लॅस्टिकची काडी) मेणबत्तीवर तापवून ताणून केली. आता शंका येतेय, बाद तर करणार नाहीत ना?

उत्तर: या दोन्हींना सहसा सूट असते. फटी भरणं, घासणं, बंदुकीच्या नळ्या पोखरणं, पंखाची मागची कड पातळ करणं हेही चालतं. कड तर कराच! अर्ध्या मिलिमीटरची कड म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर, फळीच की. बाहेरून आणलेलं रेझिनचं कॉकपिट किंवा फोटोएच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग) मात्र नको. डब्यातच आलेलं फोटोएच असेल तर बिनधास्त लावा.

दुसरं उत्तर: वरचं बरोबर, तरी त्या स्पर्धेची नियमावली वाचाच; डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं, आकडे) बदलण्याबाबत प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. आणि किटचं सूचनापत्रक फेकलं नाहीत ना? बऱ्याच ठिकाणी ते मॉडेलशेजारी ठेवायला लागतं, परीक्षक त्यावरून भाग ताडून बघतात.

प्रश्नकर्ता: पत्रक आहे, पण त्यावर रंग सांडलाय. बरं, थ्रीडी प्रिंटची चाकं?

उत्तर: घरी छापली तरी डब्याबाहेरचीच. किटचीच लावा, टायर खालून किंचित घासा, वजन पडल्यासारखे दिसतील.