लोन विकलं म्हणे! जिनी मे हा काय प्रकार आहे?

एडिसनकर:
मंडळी, मागच्या वर्षी न्यू जर्सीत घर घेतलं, एफएचए लोन (सरकारी विम्याचं गृहकर्ज), साडेतीन टक्के डाउन पेमेंट (त्याच्यावर जमलंच नाही). आता पत्र आलंय की एक तारखेपासून हप्ता दुसऱ्याच कंपनीकडे भरा. सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अरे कर्ज विकलं म्हणजे घराचे कागद कुणाकडे गेले?" उत्तरच देता आलं नाही. ऑफिसातला एक जण म्हणतो तुझं लोन जिनी मे नावाच्या सरकारी संस्थेच्या पूलमध्ये (एकत्र बांधलेल्या कर्जांच्या गठ्ठ्यात) असणार, सरकारी गॅरंटी असते, टेन्शन नको. म्हणजे माझी नोकरी गेली तर हप्ता सरकार भरणार?? हसू नका, खरंच विचारतोय.

जुनाजर्सीवाला:
हसलो, सॉरी 😀 गॅरंटी आहे पण तुला नाही रे, ज्यांनी तुझ्या कर्जावरचे कागद विकत घेतलेत त्यांना आहे. होतं असं की लेंडर तुझ्यासारखी पुष्कळ लोन्स एकत्र करतो, त्यावर सिक्युरिटी (हप्त्यांतून पैसे मिळण्याचा हक्क देणारे कागद) काढतो आणि गुंतवणूकदारांना विकतो, आलेल्या पैशातून पुढच्याला लोन देतो. तुझा हप्ता वसूल करणारी कंपनी आपली फी कापते आणि उरलेलं व्याज-मुद्दल दर महिन्याला पुढे पाठवते. तू हप्ता चुकवलास तरी तिला स्वतःच्या खिशातून घालून पाठवावंच लागतं, आणि तीच बुडाली तर मग जिनी मे उभी राहते. जिनी मे स्वतः लोन देत नाही, विकत पण घेत नाही, नुसती हमी. तू थकलास तर तुझ्या घरावर फोरक्लोजर (जप्ती) येणारच, आणि त्यात लेंडरचं जे नुकसान होईल ते एफएचएचा विमा भरून देतो, ज्याचा प्रीमियम तूच भरतोयस, सुरुवातीला १.७५ टक्के लोनमध्ये चढवले असतील बघ.

आणि पत्र आलंय ते बहुतेक फक्त वसुलीचं काम दुसरीकडे गेल्याचं. व्याजदर, मुदत काही बदलत नाही. पहिल्या ६० दिवसांत चुकून जुन्या कंपनीकडे वेळेत हप्ता गेला तर लेट फी लावता येत नाही. ऑटोपे मात्र आजच बदल.

बाँडवाली_मावशी:
एक भर घालते, फॅनी मे, फ्रेडी मॅक (लोन्स विकत घेऊन त्यावर हमीचे कागद काढणाऱ्या दोन कंपन्या) आणि जिनी मे यांना लोक एकाच माळेचे मणी समजतात, तसं नाही. जिनी मे १९६८ पासून सरकारी गृहनिर्माण खात्याचाच भाग, तिच्या कागदामागे अमेरिकन सरकारची थेट हमी. फॅनी-फ्रेडी शेअरहोल्डरवाल्या कंपन्या, त्यांची हमी कंपनीची, सरकार बुडू देणार नाही हे बाजाराने गृहीत धरलेलं आणि सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने खरंच ताब्यात घेतल्या.

पोळलेला_पुणेकर (सध्या डॅलस):
सरकारी हमी ऐकून मीही २०२१ मध्ये मॉर्गेज बाँडचा (म्हणजे गृहकर्जांवरच्या अशाच कागदांचा) फंड घेतला होता, पुढच्या वर्षी चांगलाच आपटला, एकही पैसा बुडाला नसताना! ही हमी पैसे मिळण्याची आहे, बाजारभावाची नाही आणि कधी मिळतील त्याची तर नाहीच. व्याजदर उतरले की लोक रिफायनान्स करून (नवं स्वस्त लोन काढून जुनं फेडून) तुमचे पैसे लवकर परत करतात, म्हणजे नेमके तेव्हा जेव्हा दुसरीकडे व्याज कमी. दर चढले की कुणी हलत नाही. जानेवारी २०२१ ला तीस वर्षांच्या लोनचा सरासरी दर २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ ला ७.७९, आता सांगा २.६५ वाला घर कशाला सोडेल, आणि त्याचा कागद जुन्या भावाने कोण घेईल. सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बसली, तिच्याकडेही असले सरकारी हमीवाले, पण भाव पडलेले कागद ढिगाने होते.

एडिसनकर:
ऑटोपे खरंच जुन्याच कंपनीला चालू होता, आत्ता बदलला 🙏 बाबांना सांगितलं हमी आपल्याला नाही, घर आपल्याच नावावर आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की जुन्या कंपनीकडून आजवर भरलेल्याचा हिशोब कागदावर मागून घे. मागवतो.