आधी मोजणी, मग तार

दादा: काल शेजाऱ्यांची नांगरट झाली आणि परत बांध कोरलाय. या खेपेला तीन फूट तरी आत आलेत. बाभळीपाशी हद्दीचा दगड होता तोही दिसत नाहीये. फोटो टाकतोय बघा.

काका: दरवर्षीचंच आहे हे. सोमवारी जेसीबी बोलव, चर मार आणि तारेचं कंपाउंड करून टाक. खर्च मी देतो.

ताई: काका भांडण वाढेल हो, तिथे दादाला रोज एकट्याला जायचंय

काका: मग काय गप्प बसायचं? बापजाद्यांची जमीन आहे

मी: काका गप्प बसायचं नाहीच, पण दोन दिवस थांबा. बांध चारशे फूट लांब आहे, तीन फूट म्हणजे बाराशे स्क्वेअर फूट झाले, गुंठा 1089 चा, म्हणजे गुंठ्याच्या वरच गेलं, तुमचा राग बरोबर आहे. पण तार कुठल्या रेषेवर ओढणार? सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, हद्द कुठून जाते ते त्यात नसतं. ते असतं भूमी अभिलेख खात्याच्या नकाशात आणि टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत. अंदाजाने तार ओढली आणि उद्या ती दीड फूट त्यांच्यात निघाली तर अतिक्रमण आपलं होईल.

दादा: मी मोबाईलवर नकाशा उघडून बांधावरून चाललो ना, सरळ दिसतं ते आत आलेत

मी: दादा मोबाईलचं लोकेशन उघड्या रानातसुद्धा तीन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतं. आपला वाद तीन फुटांचा. त्याने काहीच सिद्ध होत नाही, उलट शेजारीही स्वतःच्या मोबाईलवर त्यांच्या सोयीची रेष दाखवतील. सरकारी मोजणीला आता रोव्हर म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र आणतात, त्यात चूक सेंटिमीटरमध्ये असते.

मी: करायचं काय तर हद्दकायम मोजणीचा, म्हणजे हद्द ठरवून खुणा दाखवणाऱ्या मोजणीचा अर्ज. ऑनलाईन होतो, सातबारा लावायचा, चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंच्या खातेदारांची नावं पत्ते बरोबर द्यायचे, कारण मोजणीच्या तारखेची नोटीस त्यांना जाते आणि पत्ता चुकला की तो माणूस नंतर म्हणतो मला कळवलंच नाही आणि सगळं परत पहिल्यापासून. मोजणीदार नुसता बांध मोजत नाही, अख्खा गट मोजतो, त्यामुळे आपलं क्षेत्र कमी भरलं तर ते याच शेजाऱ्याकडे गेलंय की पलीकडच्या रस्त्यात, तेही कळतं. मग क प्रत म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत मिळते, त्यात हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दाखवलेल्या असतात. एक गोष्ट आधीच सांगतो, मोजणीदार खुणा दाखवतो, ताबा काढून देत नाही. अतिक्रमण निघालं आणि समोरचा सोडायला तयारच नसला तर त्यासाठी वेगळी दाद मागावी लागते.

काका: मग सरळ कोर्टातच जाऊ की. मोजणीत वेळ का घालवायचा

ताई: काका, माझ्या सासरी हेच केलं होतं. अकरा वर्षं तारखा, दोन्ही घरांचं बोलणं बंद, लग्नाकार्यालासुद्धा जाणं नाही. आणि शेवटी कोर्टाने काय केलं माहितीये, कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखचाच माणूस मोजायला पाठवला. जी मोजणी पहिल्या महिन्यात झाली असती ती अकराव्या वर्षी झाली. सासरे तोपर्यंत राहिले नव्हते.

काका: हम्म

दादा: आणि शेजाऱ्यांनी मोजणी मान्यच नाही केली तर?

मी: तर ते निमताना मोजणी म्हणजे फेरमोजणी मागू शकतात, ती वरचा अधिकारी करतो, त्यावरही सुपर निमताना आहे. मागू दे ना. आपणही मागू शकतो.

आत्या: मी सकाळपासून वाचतेय. एक सांगू का, रागवू नका. बाभळीच्या पलीकडचा जो कोपरा आपण कसतो, ओढ्याकडचा, तो मुळात त्यांचा आहे. आबांनी आणि त्यांच्या वडिलांनी अदलाबदल केली होती. आपली विहिरीजवळची पट्टी त्यांना दिली कारण त्यांना पाणी न्यायचं होतं, आणि ओढ्याचा कोपरा आपण घेतला. मी तेव्हा सातवीत होते, बांधावर उभी होते दोघं बोलत असताना.

दादा: काय सांगतेस आत्या!!

काका: मला आबा कधी बोलले नाहीत हे

आत्या: तू शिकायला बाहेर होतास रे. कागद नाही केला, शब्दावर चाललं सगळं. ती दोघं होती तोवर कधी एका शब्दाने वाद नाही झाला.

मी: आत्या बरं झालं आत्ताच सांगितलंस. म्हणजे मोजणी झाली की नकाशावर ओढ्याचा कोपरा त्यांचा निघणार आणि विहिरीची पट्टी आपली. कदाचित नव्या पिढीला त्यांच्याकडेही हे माहीत नसेल, त्यांना वाटत असेल आपणच त्यांचा कोपरा दाबलाय आणि म्हणून ते इकडून बांध कोरतायत. हा माझा अंदाज आहे, पण दोन्ही घरं खरंच स्वतःला बरोबर समजत असतील.

ताई: मग आता ती अदलाबदल कागदावर कशी आणायची?

मी: तोंडी अदलाबदल रेकॉर्डला चालत नाही, नोंदणीकृत अदलाबदल दस्त लागतो, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर बदलाची नोंद. शासनाने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली ती नेमकी अशाच जमिनींसाठी होती, एकाचा ताबा दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा पहिल्याकडे, निदान 12 वर्षं. त्यात मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 एवढंच. आपल्याला बसते का, मुदत चालू आहे का हे तलाठी आणि दुय्यम निबंधकांकडे विचारून घेऊ, कारण आपले तुकडे लहान आहेत, तुकडेबंदी म्हणजे लहान तुकड्यांच्या व्यवहारावरची बंदी आड येऊ शकते. नाहीच जमलं तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देऊन लोकअदालतीत तडजोड करता येते, दावा न लावताही. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही.

काका: पण कोरलेल्या बांधाचं काय? ते मी सोडणार नाही

मी: सोडायचं नाहीच काका. मोजणीत जी रेष येईल तिथे बांध परत घालायचा, दोघांनी मिळून, माती दोन्हीकडची. हद्दीचा दगड सांभाळणं कायद्यानेच खातेदाराची जबाबदारी आहे, तो काढणं गुन्हा आहे. पण हे बोलणं आत्याने करावं असं मला मनापासून वाटतं. तू त्यांच्या घरात लहानपणी वाढलीस, तुझा शब्द ते ऐकतील.

आत्या: जाते मी उद्या. काका तूही चल, मोठा आहेस, गप्प बसून रहा पण चल.

काका: येतो. जेसीबी नको सांगू दादा अजून

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी)

आत्या: त्यांच्या आजींना सगळं आठवतंय! विहिरीची पट्टी कशी मोजली तेसुद्धा सांगितलं, पावलांनी, आबा आणि ते. मुलांना खरंच माहीत नव्हतं. नांगर जास्त गेला हे धाकट्याने कबूल केलं.

काका: अर्ज दोघांच्या नावे नाही होत म्हणे, तर त्यांनीही त्यांच्या गटाचा वेगळा करायचं ठरलंय. एकाच दिवशी मोजणी आली तर बरं

दादा: त्यांचा गट नंबर आणि सगळ्यांचे पत्ते मला पाठवलेत, चतुःसीमेत घालतो. पीक निघाल्यावरची तारीख मागू

ताई: दादा, दगड आधीच आणून बांधावर ठेव. आमच्याकडे मोजणीच्या दिवशी दगडच नव्हते, खुंट्या मारल्या आणि पहिल्या पावसात त्या गेल्या.

दादा: आजच सांगतो. बारा पुरतील का?

काका: वीस आण. आणि त्यांच्यासाठीही आण