कौतुक 'स्वीकारायचं' की 'घ्यायचं'?

'कॉम्प्लिमेंट स्वीकारणे' याला सहज बोलतो तसं मराठी काय? नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलींसाठी एक टिपण लिहितेय. 'कोणी तुमच्या कामाची स्तुती केली तर ती स्वीकारा' असं लिहिलं आणि वाचताना कोणी शाल-श्रीफळ घेऊन पुढे आल्यासारखं वाटलं. 'कौतुक करून घ्या' म्हणावं, तर अर्थच फिरतो.

प्रतिसाद १
फिरतो खरा. कौतुक आपण करतो, ते होतं, वाटतं, लहान मुलांचं तर पुरवतोही. पण 'करून घेते' म्हटलं की बाई मिरवणारी ठरली. म्हणूनच 'प्रेझेंटेशन मस्त झालं' यावर आपली उत्तरं ठरलेली: 'छे हो', 'कसचं काय', 'काहीतरीच तुमचं', 'सगळं टीमनं केलं'. परतवायला इतकं काही, आणि घ्यायला एकटं 'धन्यवाद'. तेही बोलताना पुस्तकी वाटतं म्हणून 'थँक्यू'.

प्रतिसाद २
मराठीला एवढा दोष नको. माणसं बोलतात कशी याच्या अभ्यासक अनिता पोमेरंट्झ यांनी इंग्रजी संभाषणं तपासून १९७८ मध्ये हाच पेच मांडला होता: समोरच्याचं म्हणणं खोडू नये, आणि स्वतःची टिमकीही वाजवू नये. दोन्ही एकदम जमत नाही. मग माणसं कौतुक पातळ करतात, दुसऱ्याकडे सरकवतात, नाहीतर उलट कौतुक करून फिटंफाट करतात. पुरुषही करतात. मात्र पुरुषानं सरळ 'थँक्यू' म्हटलं तर तो आत्मविश्वास, बाईनं म्हटलं तर 'फारच शिष्ट'.

प्रतिसाद ३
शब्द कुठला निवडतो त्यावरही बरंच आहे. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. ते नवल अजून शब्दातून गेलेलं नाही. 'घर सांभाळून एवढं करते, कौतुक आहे हं!' म्हणजे जमणार नाही असं आधीच धरलेलं. शिवाय कौतुक वरून खाली वाहतं. 'मी आमच्या डायरेक्टरांचं कौतुक केलं' हे म्हणून पाहा, जीभ अडखळते. शाबासकीत तर पाठच थोपटतात. स्तुती देवाची, नाहीतर स्तुतिपाठकांची.

माझं मत 'दाद'ला. फारसीत दाद म्हणजे न्याय, म्हणून आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. ती द्यायला जाण लागते. आणि 'गायिकेनं त्या तानेवर दाद घेतली' म्हटलं तर कोणी तिला मिरवणारी म्हणत नाही. हवं ते क्रियापद इथे आयतं आहे.

प्रतिसाद ४
अप्रेझलच्या फॉर्मात मात्र दाद मागावीच लागते, दोन्ही अर्थांनी!

प्रतिसाद १
दाद कलेला. ताळेबंदाला दाद दिलेली मी तरी ऐकली नाही.

प्रतिसाद ३
बुद्धिबळातल्या चालीला देतात की. बरं, ताळेबंदासाठी 'वाखाणणी' घ्या. हा शब्द 'व्याख्यान'वरून आला, म्हणजे नुसतं 'छान' ही वाखाणणी नव्हेच. काय चांगलं आणि का, ते सांगावं लागतं. 'तिसऱ्या तक्त्यातली चूक तू पकडलीस म्हणून टेंडर वाचलं.' याला 'कसचं काय' म्हणून दाखवा.

प्रतिसाद ५
आणि मीटिंग सुरू होता होता 'आज छान दिसताय' येतं, त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद २
शेरा. तो घ्यायची सक्ती नाही. 'सुरू करू या?' म्हणावं आणि पहिली स्लाइड लावावी.

मूळ प्रश्नकर्ती
'स्वीकारा' काढून टाकलं. आता वाक्य असं: 'कोणी कामाला दाद दिली तर ती घ्या. "धन्यवाद, त्या भागावर बराच वेळ दिला होता" एवढं पुरे.' शेऱ्यासाठी वेगळी ओळ घातलीय. 'धन्यवाद' ठेवू की 'थँक्यू', तेवढं अजून ठरत नाहीये.